कोणती कला?

विद्यापीठाचं परिपत्रक आलं की इंगळेबाबू आधी ते उलटं धरून बघायचे. मग खिडकीशी, उजेडात. मग ओलं बोट शिक्क्यावर फिरवून शाई पसरते का ते. एवढ्या परीक्षा पास झालेल्या कागदावरही तांबड्या पेन्सिलीने दोन शब्द लिहायचे, 'कोणती कला?', आणि तो ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावायचे.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी कारंज्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. दुसरं कुणी तयार होईना म्हणून सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात पडला होता. युवक महोत्सव, गायन स्पर्धा, नाट्यशिबिर, जे काही येई ते कामरगावहून रोज एस.टी.ने येणाऱ्या या हेडक्लार्कच्या टेबलावरून माझ्याकडे यायचं. म्हणजे यायला हवं होतं. मागायला गेलो की बाबू चष्म्यावरून माझ्याकडेही संशयानेच बघत.

"सर, याच्यात काईतरी गोम हाये. जेवन फुकट, राहनं फुकट. काहून?"

"कलावंत विद्यार्थ्यांसाठी आहे, बाबू."

"थे समजलं. पन कोन्त्या कलेचे कलावंत? इतिहासवाला त्याच्यात येते का नाई?"

एकदा स्पर्धेला परीक्षक म्हणून एक गायक आले. बाबूंनी पाणी द्यायच्या आधी त्यांना विचारलं, "तुमी आता गाता, का पयले गात होते?" पाहुणे दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने महिनाभराचं कलाशिबिर जाहीर केलं. मला ते वर्तमानपत्रातून कळलं. इंझोरीची सुमन तायडे आमच्याकडे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील मजुरीला जायचे. वहीच्या मागच्या पानांवर ती माणसांचे चेहरे काढायची हे ऑफिसातही ठाऊक होतं, आणि ज्याचा काढला त्याला आपल्या चेहऱ्यावरचा लपलेला राग त्यात दिसायचा. घरी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. शिबिरात निवड झाली तर वर्षभर थांबू, एवढं वडिलांनी कबूल केलं होतं. बातमीप्रमाणे प्रत्येक कॉलेजला एकच छापील अर्ज पाठवला होता आणि मुदत चार दिवसांची उरली होती.

ऑफिसात गेलो तर ड्रॉवरला कुलूप, खुर्ची रिकामी. शिपाई म्हणाला, "बाबू दोन दिवस रजेवर हायेत. पोहरादेवीले गेले म्हन्तात."

कधी रजा न घेणाऱ्या माणसाला नेमकी आत्ताच देवी आठवावी? बाबूंचा पुतण्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि आमच्याच कॉलेजात शिकायचा. माझ्या मनात सगळं जुळलं: अर्ज त्याच्यासाठीच दडवला असणार. सुमन दोन्ही दिवस ऑफिसच्या पायरीवर बसून होती, आणि मी बाबूंना मनातल्या मनात काय काय म्हणत होतो ते इथे लिहिता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी बाबू आले. कपडे चुरगळलेले, डोळे लाल. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पिशवीतून अर्ज काढला.

"घ्या. शिबिर चित्राचंच हाये. कागद, रंग थेच देतात. पोरीयची सोय येगळी, देखरेखीले बाई हाये. मी खोल्या पाहून आलो."

"तुम्ही विद्यापीठात गेला होतात? मग पोहरादेवी?"

"विद्यापीठात चाललो म्हनलं असतं, तं तुमी हसले असते."

"पत्र टाकून विचारलं असतं, बाबू."

ते काही वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

"मॅट्रिक झालो तवा कोनी तरी सांगतलं, अकोल्याच्या कॉलेजात कला शाखा हाये. मले चित्राचा लय नाद. नाव घातलं. रंगाची पेटी घेऊन वर्गात बसलो, तं मास्तर अर्थशास्त्र शिकवून राह्यले. मले वाटलं, चित्राचा तास उद्या असन. तीन महिने रोज पेटी नेली, सर."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. दोन दिवस या माणसाला चोर ठरवल्याची लाज तेवढी वाटली.

"घरी सांगितलं नाही?"

"मायले कसं सांगू? थे मरेपर्यंत गावात सांगे, माहा पोरगा चित्राचं बी.ए. शिकला."

मग त्यांनी पायरीवर बसलेल्या सुमनला हाक मारली, आणि अर्ज भरायला तिला आपल्या खुर्चीवर बसवलं.