काविळीच्या गणतीची बखर

आरोग्य देणारी जी माता, तिचे चरणीं मस्तक ठेवोन लिहितों. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरीं राज्यांत जें घडलें तें डोळां देखिलें.

ते सालीं कावीळ बहुत माजली. धडधाकट माणसें, अकस्मात डोळे हळदीऐसे होत आणि पोटीं पाणी भरे, आणि चार मासांत कारभार आटपे. मग दरबार भरला, आणि दिवाण शिदोजीराव, जे तरुणपणीं गडावर शिलेदार होते, ते बोलिले, "महाराज, हें दुखणें दगडखाणीवरल्या उपऱ्यांनीं आणिलें. त्यांची वस्ती उठवावी आणि नदीपार घालावी." हुकूम लिहिला गेला, फक्त मोहोर राहिली. तों राजवैद्य गोदूबाई आर्वीकर, वय साठ, उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "महाराज, रक्त पाहिल्यावांचून नांव कोणाचें घ्यावें? ही कावीळ रक्तांतून रक्तांत जाते आणि वीस वीस वर्षें दबा धरून बसते. आधीं गणती करूं, मग मोहोर करावी." महाराजांनीं एक महिना दिधला.

मग बाई प्रथम खाणीवर गेल्या. तेथील नायकीण भिमाक्का दंड पुढें करून म्हणाली, "रक्त हवें तितकें घ्या, बाई, पण पोरांच्या डोईवरचें छप्पर राहूं द्या." मग मागावरले विणकर साळी पाहिले, आणि बाजारपेठ पाहिली, आणि शेवटीं गडावरले जुने शिलेदार पाहिले. खाणीवर शंभरांत दोघे निघाले, साळ्यांत एक, बाजारांत तीन, आणि जुन्या शिलेदारांत शंभरांत एकतीस! बाईंस वाटलें, बाटल्यांची अदलाबदल जाहली. पुन्हा रक्त घेतलें, पुन्हा एकतीस. राज्याचे निवडक वीर, तुपारोटीचे धनी, आणि तिघांत एक आंतून पोखरलेला!

मग बाई जुने सुभेदार येसजी यांचे घरीं गेल्या आणि पुसलें, "तुम्हां सर्वांस एकत्र ऐसें काय घडलें होतें?" येसजी म्हणाले, "घडायचें काय? दरसाल मोहिमेआधीं ताकदीची सुई टोचीत. एकच सुई, अख्खी रांग. स्पिरिटाचा बोळा फिरवीत, आणि पुढचा दंड." बाई म्हणाल्या, "टोची कोण?" म्हातारा हसूं लागला आणि हसतां हसतां थांबला. हळूच म्हणाला, "बाई, तुम्हीच कीं. नव्यानें चाकरीस लागलां होतां."

त्या काळीं सारेच ऐसें टोचीत, कोणास दोष ठाऊक नव्हता, ऐसें येसजी परोपरी सांगत राहिले, परंतु बाईंच्या कानीं कांहीं शिरेना. दोन दिवस अन्न गेलें नाहीं. सुई कोणाचे हातची होती हें येसजींखेरीज कोणास उमगलें नव्हतें, आणि येसजी बोलणार नव्हते.

महिना भरला, दरबार बसला, आणि बाईंनीं आंकडे वाचिले. दिवाण उसळून म्हणाले, "खोटें आहे! माझे शिलेदार? ही विटाळाची गोष्ट त्यांस कोणी लाविली?" बाई म्हणाल्या, "मीं लाविली. सुई माझे हातची होती, दिवाणजी. आणि आपण त्या रांगेत होतां." दिवाणांचा चेहरा पांढरा पडला, आणि बराच वेळ ते आपुल्या डाव्या दंडाकडे पाहत राहिले, आणि मग अंगरख्याची बाही वर सारून पुढें आले. म्हणाले, "घ्या, बाई. सुई नवी आहे ना?"

दिवाणांचे रक्तांत कावीळ निघाली. हुकूम फाडिला, खाणीची वस्ती राहिली. दर माणशीं नवी सुई हा कायदा जाहला, आणि तीन मासांच्या गोळ्यांनीं बहुतेक शिलेदार बरे जाहले, दिवाणही. एकोणीस जणांस औषध पोहोंचेतों उशीर जाहला. त्या एकोणीस घरीं गोदूबाई एकट्या पायीं गेल्या आणि काय घडलें तें स्वमुखें सांगितलें. कित्येक घरीं बसावयास पाट दिधला, कित्येक घरीं दार उघडलें नाहीं. इतकें वर्तमान.