एक रिंग म्हंजे सुखरूप

आमच्या घरात मोबाईल आला आणि त्याच दिवशी तो उचलायचा न्हाय असा ठराव पास झाला. ठराव तोंडी हुता, पण सर्वानुमते हुता. आयचं मत कुणी इचारलंच न्हवतं, म्हणून सर्वानुमते.

घेतलता तो मात्र आयसाठीच. माझी थोरली बहीण वर्षाराणी शिरोळला दिलेली, नदीकडच्या गल्लीत. लगीन झाल्यापास्नं आय अधनंमधनं उचगावच्या नाक्यावरच्या एसटीडी बूथात जायची, आणि मीटरच्या पळत्या लाल आकड्यावर डोळा ठेवून लेकीशी बोलायची. "जेवलीस का गं?" इचारायची आणि उत्तर यायच्या आत घाबरून ठेवायची. म्हणून आण्णा, म्हंजे आमचा बाप, एक जुना हँडसेट घेऊन आला. तिकडं दाजीनं बी घेतला. आता आयला घरबसल्या पोरीचा आवाज ऐकाय मिळणार. त्या मशीनचं काम तेवढंच हुतं.

आडवा आला हंबीरराव. हंबीरराव म्हंजे आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. वय साठाला टेकलेलं. रोज सकाळी केरबाच्या सलूनात खुर्ची अडवून बसतोय, दाढी करत न्हाय, पेपर वाचतोय. खुनाचं पान लोकांस्नी देतो, कंपन्यांचं पान सोताकडं ठेवतो आणि मोठ्यानं समजावून सांगतो.

"ई-मेल धाडलास की तो आधी अमेरिकेत जातोय. तिथं चार माणसं वाचत्यात, हसत्यात, मग इचलकरंजीला सोडत्यात."

केरबानं गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा थांबवून इचारलं, "मराठीतला बी?"

"मराठीतला वाचाय आपलीच पोरं ठेवल्यात की. पुण्याची."

दोन हजार साल लागताना जगातली सगळी कॉम्प्युटरं बंद पडणार असं पेपरात आलतं. तवा ह्यानं गल्लीतल्या सगळ्या मिक्सरांच्या पिना काढाय लावल्या. एक बी मिक्सर बिघडला न्हाय. तवापास्नं तंत्रज्ञान ह्या विषयात गल्लीत त्येचा शब्द शेवटचा.

तर हंबीररावनं आमचा मोबाईल उलटापालटा करून बघितला, वास घेतला, आणि आण्णाला म्हणाला, "रिंग वाजती तवर फोन आपला. हिरवं बटन दाबलं की कंपनीचा."

मी म्हणलं, "काका, इनकमिंग फ्री झालंय आता. तुमच्याच पेपरात आलंय."

"फ्री?" तो माझ्याकडं असं बघाय लागला, जसं काय मीच कंपनी. "नववीत शाळा सोडली की असंच हुतंय. कंपनी फुकट काय देत असती काय रं? आज फुकट उचलशील, उद्या सवय लागंल, परवा श्वास घ्यायचं पैसं लावतील. आणि हिकडं फुकट, तर तिकडं कुणाचं जातंय? पोरीच्या सासरचं. जावयाच्या पैशानं बोलणार व्हय बयाबाई वहिनी?"

हे मात्र आण्णाला लागलं. सासरचा पैसा म्हणलं की आमच्यात कोर्ट बी गप बसतंय. आयनं पदराचा शेव तोंडात धरला, आणि विषय संपला.

मग नियमावली झाली. रोज सांजच्याला वर्षाराणीनं एक रिंग द्यायची आणि ठेवायचं. एक रिंग म्हंजे सुखरूप. हिकडनं परत एक रिंग, म्हंजे आमी बी सुखरूप. कंपनीला एक दमडी न्हाय. आय चुकून उचलंल म्हणून हंबीररावनं केरबाच्या दुकानातली चिकटपट्टी आणली, वस्तऱ्यानं कापलं की गालाला लावत्यात ती, आणि हिरव्या बटनावर सोताच्या हातानं डकवली. वरनं अंगठ्यानं दाबली. परतीची रिंग तेवढी आण्णा पट्टीवरनंच जोर लावून द्यायचा. मग मोबाईल टीव्हीवर, विणलेल्या रुमालाखाली ठेवला.

ही योजना गल्लीला एवढी पटली की बघता बघता सगळ्यांनी मोबाईल घेतलं. न उचलण्यासाठी. मंडळाच्या बोर्डावरचा सुविचार पुसला आणि तिथं कोड लिवला. एक रिंग, सुखरूप. दोन रिंगा, पाणी आलं. हे नळाचं हुतं, आमच्यात नळ कवा येतोय त्येचा भरवसा न्हाय. तीन, पावणं आल्यात, च्या टाका. चार, पावणं गेल्यात. पाच, कोणतरी खपलं. बोर्ड तिथंच भरला. दाजीला बी कोड तोंडपाठ करून दिला.

जगणं लई सोपं झालं. भांडणं बी मिस कॉलवर व्हाय लागली, रागानं दिलेली रिंग लांब वाजती असं लोकांस्नी कळाय लागलं. अर्धी रिंग धरायची का न्हाय ह्यावर उपसमिती बसली ती अजून उठली न्हाय. गल्लीतल्या पिराजीनं एकदा झोपंच्या तारेत फोन उचलला आणि "हॅलो" म्हणला. त्येला सगळ्या मंडळाला मिसळ घालाय लागली, वर त्येचं नाव 'कंपनीचा माणूस' असं पडलं ते पडलंच. एक दिवस कंपनीच्या शेअरचा भाव उतरला म्हणून पेपरात आलं. हंबीररावनं पेढं वाटलं. हलगी लावली. "हलली," म्हणाला, "आपल्या गल्लीनं कंपनी हलवली."

घरात आय रोज दिवा लावला की टीव्हीम्होरं बसायची. टीव्ही बघाय न्हवं. रुमालाखाली एकदा थरथरलं की उठायची, फोन दोन्ही हातात घ्यायची आणि गप झालेल्या फोनला इचारायची, "जेवलीस का गं?" मग परत रुमालाखाली ठेवायची. बूथवर जाणं बंद झालतं. घरात मोबाईल असताना बूथवर गेलं तर लोकं हसत्यात. म्हंजे मोबाईल आल्यापास्नं आयनं लेकीचा आवाज ऐकलाच न्हवता.

एकदा तिनं धीर करून हंबीररावला म्हणलं, "भावजी, सणाच्या दिवशी तरी एकडाव उचलू का?"

"वहिनी, तुमी उचलला की शेजारीण उचलणार. चळवळी अशाच मोडत्यात."

"मला चळवळ नको, पोरगी पायजे," आय पुटपुटली. पण ते मोठ्यानं न्हवतं, म्हणून नोंदीत आलं न्हाय.

मग तो पावसाळा आला. पाऊस थांबायचं नावच घेईना. पंचगंगा पात्राभायेर, कृष्णा पात्राभायेर, टीव्हीवर सगळं एकाच रंगाचं पाणी. आय जेवंना. आण्णा म्हणायचा, "रोज रिंग येती न्हवं? सुखरूप हाय ती." रिंग येत हुती खरी.

एक दिवस दुपारीच रुमाल थरथरला. दोन रिंगा, आणि बंद.

आय धावली. भायेर सलूनात हंबीरराव हुता, त्येनं तिथनंच हाळी दिली, "किती?"

"दोन!" आण्णा म्हणाला.

"दोन म्हंजे पाणी आलं. शिरोळच्या नळाला पाणी आलं. चांगलं हाय की!"

जरा येळानं परत दोन. मग परत दोन.

हंबीरराव वैतागला. "किती येळा सांगती? कळलं की, पाणी आलं! माहेरचं वळण हे, एकदा सांगून भागत न्हाय."

मी टीव्हीकडं बघितलं, फोनकडं बघितलं, आणि माझं टाळकं सटकलं. "आरं, नळाचं न्हवं! नदीचं पाणी आलंय! पोरगी बुडतीया आणि तुमी बोर्ड वाचताय!"

"ओरडू नको," हंबीरराव म्हणाला. "बोर्डावर 'पाणी' एवढंच हाय. नळाचं का नदीचं हे मोघम ऱ्हायलंय, मान्य. पुढच्या बैठकीत घेऊ."

तेवढ्यात फोन वाजाय लागला आणि थांबंनाच. सगळी गल्ली दारात गोळा झाली आणि मोठ्यानं मोजाय लागली, दहीहंडीचं थर मोजल्यासारखी. चार झाल्या, पाच झाल्या. पाचला बायकांनी तोंडाला पदर लावला. सहा झाल्यावर पदर काढला, कारण सहाला काय करायचं ते कुणाला ठावं न्हवतं.

"पाचच्या पुढं बोर्डावर जागाच न्हाय," केरबा म्हणाला.

"मग ह्यो कॉल कोडाभायेरचा," हंबीरराव म्हणाला. "अर्थ लावता येणार न्हाय."

मी झेप घेतली, पण माझ्या आधी आय पोचलीती. तिनं आयुष्यात पयल्यांदा हंबीररावला खांद्यानं बाजूला सारलं आणि नखांनी चिकटपट्टी ओरबाडली. वरसभराची पट्टी, अंगठ्यानं दाबलेली. ती निघाली. तिच्याबरोबर हिरवं बटन बी निघालं.

आय पट्टीला चिकटलेलं बटन दाबत ऱ्हायली. दाबत ऱ्हायली आणि म्हणत ऱ्हायली, "हॅलो. हॅलो गं."

रिंग थांबली.

मी गल्लीत प्रत्येकाचा मोबाईल हिसकून नंबर लावला. एकाच्यात बी बोलण्याएवढा बॅलन्स न्हाय. मिस कॉलला बॅलन्स कशाला पायजे? लागला की एक वाजायचा आणि तुटायचा. हंबीररावला त्यातल्या त्यात समाधान वाटलं. म्हणाला, "एक गेली न्हवं? बास. आपण सुखरूप हाय एवढं तरी तिला कळलं."

मी बोर्ड उपटला आणि गटारीत टाकला. मग पिराजीची गाडी घेऊन निघालो. हातकणंगल्याच्या पुढं पाण्यानं रस्ताच खाल्लेला. बंदोबस्ताच्या लोकांनी परत हाकललं.

घरात तवर आय तसंच बटन मुठीत धरून बसलेली. काय खाल्लं न्हाय.

पाणी उतरायच्या आधीच, लांबच्या वाटेनं आलेल्या एका टेम्पोतनं वर्षाराणी उतरली. अंगावर कुणाचंतरी लुगडं, संगट सासू. आय उंबऱ्यातनं हालंना. तिनं बघितलं, आणि इचारलं, "जेवलीस का गं?"

"जेवलो की आये," वर्षाराणी म्हणाली. "छावणीत खिचडी हुती. मीठच न्हवतं त्यात."

ह्या येळी आय उत्तर संपूस्तवर ऐकत ऱ्हायली.

मग गल्लीम्होरं वर्षाराणीनं सांगितलं. दाजी म्हसरं घेऊन उंचवट्याकडं गेलता. घरात ही आणि सासू. पाणी उंबऱ्यात आलं तवा हिनं शिस्तीत दोन रिंगा दिल्या. जिन्याला लागलं तवा परत दोन. माळ्यावर चढल्या तवा परत. मग कोड सोडून नुसतं लावत बसली. हिकडनं काय आलं? एक रिंग. सुखरूप. अंधार हुता, परत लावताना एक आकडा चुकला. आणि पलीकडनं कोणतरी म्हणलं, "हॅलो, कोण बोलतंय?"

"मी रडाय लागलो," वर्षाराणी म्हणाली. "भ्यालो म्हणून न्हवं. कुणीतरी उचलला म्हणून."

जयसिंगपूरचा माणूस, वायरिंगची कामं करणारा. संघर्ष कांबळे नाव. ना वळखीचा ना पाळखीचा. त्येनं घर कुठलं, खूण कंची ते इचारलं, होडीवाल्यांस्नी गाठलं. हिचा बॅलन्स संपला तवा त्येनं सोताच्या पैशानं परत लावला, आणि होडी येईस्तवर बोलत ऱ्हायला. मधी सासूला बी बोलाय लावलं म्हणं, म्हातारीचं ध्यान पाण्यावरनं हटावं म्हणून.

मला वाटलं, आता तरी कायतरी निघंल तोंडातनं. निघालं.

"परक्या बाईचा फोन उचलला," हंबीरराव इचार करत म्हणाला, "आणि सोताच्या पैशानं परत लावला?" त्येनं सगळ्यांकडं बघितलं. "मला तर तो कंपनीचा माणूस वाटतोय. पेरलेला. लोकांस्नी उचलायची सवय लावाय."

लोकांनी माना डोलावल्या. बोर्ड गटारीतनं काढून धुतला. खाली एक फळी ठोकून जागा केली आणि सुधारणा मंजूर झाली: सहा रिंगा, पूर. हिरवं बटन आयच्या मुठीत हुतं ते तिनं कुणाला दिलं न्हाय.

सांजच्याला वर्षाराणी झोपली. तिच्या मोबाईलात बॅलन्स भरून तो चार्जिंगला लावला तवा मी उगंच नावं बघितली. 'माहेर' असं एक नाव हुतं. आमचाच नंबर असणार. म्हणलं, चालू हाय का बघू तरी, आणि दाबलं. टीव्हीवरच्या रुमालाकडं बघत थांबलो. रुमाल हालंना.

पलीकडनं, दुसऱ्या रिंगच्या आत, ना वळखीचा ना पाळखीचा आवाज आला, "हां, बोल की ताय. पोचलीस न्हवं घरला?"

मी फोन ठेवला. आमचा नंबर खाली, लांब, दुसऱ्याच नावानं हुता. 'नळ.'

तुमी हसला असणार. आमची गल्ली हाय, हसा. पण हे वाचता वाचता मगाशी तुमच्या खिशात एकदा वाजलं. तुमी काढून नाव बघितलं, परत खिशात घातलं आणि फुडं वाचाय लागला.

असूद्या. एकच रिंग हुती न्हवं? सुखरूपच असतील.