हॅरोतली कंबरदुखी

सुश्रुतचं म्हणणं असं, की माणसाला 'बरं चाललंय ना?' असं विचारण्यात काही अर्थ नाही. माणूस 'मजेत' म्हणतो आणि मोकळा होतो! त्यापेक्षा नोकरी, कामाचे तास, दिवसपाळी की रात्रपाळी, दुखणी असे साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तरं संगणकाला द्यावीत. ज्यांची परिस्थिती सारखी, त्यांचे गट तो आपोआप पाडतो. याला क्लस्टरिंग म्हणतात.

"मग बेकारी कुठेही लपून बसू दे, मी तिला कान धरून बाहेर काढतो!" असं तो आपल्या बायकोला, निवेदिताला, भाजी चिरता चिरता सांगत होता.

एवढ्या जोशाला कारण होतं. लंडनच्या क्रॉयडन भागातल्या ज्या संशोधन संस्थेत तो होता, तिथला त्याचा करार संपत आला होता. बेकारीवरचा हा अहवाल जमला तर नवा करार, नाहीतर व्हिसाही गेला आणि गाशा गुंडाळून पुण्याला! बेकारीचा अभ्यास करता करता स्वतःच बेकार व्हायची पाळी.

लंडनभरातून उत्तरं यायची होती. हॅरोच्या मराठी मंडळाची जबाबदारी सुश्रुतने छाती फुगवून घेतली. फॉर्म इंग्रजीत होता. नाव विचारायचं नव्हतं, फक्त पोस्टकोड. ज्येष्ठांना अडचण नको म्हणून त्याने ट्रेनमध्ये बसल्या बसल्या मराठीत एक भरलेला नमुना तयार केला: सध्या नोकरी नाही, पूर्वी गोदामात रात्रपाळी, त्रास कंबरदुखीचा, अपेक्षा मिळेल ते काम.

"नमुना पाठवू नकोस," निवेदिता म्हणाली. "पॉटलकला प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा होता, तेव्हा तू 'उदाहरणार्थ, काकडीची कोशिंबीर' असं लिहिलं होतंस. काय जेवलो आपण, आठवतंय?"

"काकडीची कोशिंबीर," सुश्रुत पडेल आवाजात म्हणाला. "पण ते जेवण होतं गं. हे विज्ञान आहे!"

आणि त्याने नमुना मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

महिन्याभराने संगणकाने गट पाडले आणि त्याची बॉस हेलन खुर्चीवरून उठलीच. "सुश्रुत! हा पुंजका बघ! एकाला एक चिकटलेत! इतका घट्ट क्लस्टर मी आयुष्यात पाहिला नाही!"

पोस्टकोड हॅरोचे. सगळे बेकार. सगळ्यांना एकच दुखणं. संगणकात उत्तरांचे नुसते आकडे झाले होते, त्यामुळे ट्रेनमधला तो नमुना सुश्रुतला आठवलासुद्धा नाही. त्याला भडभडून आलं. आपली माणसं! दिवाळीला प्रेमाने चकल्या खाऊ घालणारी! आणि आपल्याला पत्ता नाही!

मग मंडळाच्या पुढच्या जेवणात त्याला खुणा दिसायला लागल्या. मंडळाचे अध्यक्ष मुरलीधरकाका एकच टी-बॅग दोनदा वापरत होते. डॉक्टर श्यामलाताईंनी तर पुलाव तीनदा घेतला. डॉक्टर असूनही ही वेळ! त्याने उरलेल्या पुलावाचा डबा गुपचूप त्यांच्या हातात दिला. "ताई, संकोच करू नका. दिवस पालटतील."

"तांदूळ छान आहे रे, म्हणून घेतला," त्या गोंधळून म्हणाल्या. केवढा हा स्वाभिमान! सुश्रुतने डोळे पुसले.

हेलनने हॅरोच्या नगरपालिकेला, म्हणजे कौन्सिलला, कळवलं. शनिवारी मंडळाच्या हॉलवर रोजगार मेळावा ठरला. नोकरी सल्लागार आली, गोदामाची माणसं पिवळी जाकिटं घेऊन आली, आणि कंबरेसाठी एक फिजिओथेरपिस्टही! बाहेर कार पार्कमध्ये मात्र गाड्या अशा चकचकीत, की हेलन दारातच थबकली.

सल्लागारबाईंनी श्यामलाताईंना हळुवार आवाजात विचारलं, "रात्रपाळी जमेल तुम्हाला?"

"जमते की! कालच रात्री बायपास केली."

"आणि कंबर?"

"माझ्या कंबरेला काय झालंय?"

सुश्रुतच्या डोळ्यांसमोर तो नमुना लख्ख उभा राहिला. त्यामागोमाग काकडीची कोशिंबीर.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी नमुना उतरवून काढलात?"

"मग काय! तुझ्या जॉबचा प्रश्न होता ना?" मुरलीधरकाका अभिमानाने म्हणाले. "आपल्या मनाने काहीबाही लिहून तुझे मार्क कशाला घालवायचे? तूच दिलेलं मॉडेल आन्सर. ते चुकेल कसं?"

गेला करार. गेला व्हिसा. सुश्रुतने हेलनला सगळं खरं खरं सांगून टाकलं.

हेलन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि तिने लॅपटॉपवर तो पुंजका पुन्हा उघडला. "अरे, कॉपी करून भरलेले फॉर्म ओळखायचे कसे, यावर आम्ही किती वर्षं डोकं फोडतोय! आणि तुझ्या क्लस्टरिंगने सगळे एका गठ्ठ्यात बांधून दिले! पण हॅरोतला हा एक ठिपका एकटाच लांब पडलाय. हा कोण?"

मागून काकांचा दाढीवाला नातू नकुल पुढे आला. जन्म हॅरोतला, मराठी बोलण्यापुरतं. "मला तो सॅम्पल वाचता नाही आला. सो मी ट्रू लिहिला. माझा जॉब गेला, फोर मंथ्स झाले. आजोबांना सांगितला नव्हता."

काकांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सल्लागारबाईंसमोरची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. पुढच्याच आठवड्यात नकुलला मुलाखतीचं बोलावणं आलं. सुश्रुतचा जीव भांड्यात पडला. निदान एक बेकार खरा सापडला होता, आणि त्याच्यासाठी कोणीतरी आलंही होतं!

सुश्रुतला नव्या करारासाठी पुढच्या वर्षभराच्या कामाचं एक निवेदन द्यायचं होतं. ते त्याने पाच मिनिटांत पाठवूनही दिलं. निवेदितासोबत बाजारातून परत येताना हेलनची मेल आली, आणि त्याने ती मोठ्याने वाचायला घेतली.

"करार पक्का! अभिनंदन! तुझ्याच पद्धतीने निवेदनंही तपासली. एचआरच्या नमुन्यातलं नाव तेवढं तू बदललंयस. तेव्हा त्यातली मार्चपासूनची ती बाळंतपणाची रजा..."

वाचता वाचता तो रस्त्यातच थांबला. निवेदिताने शांतपणे त्याच्या हातातली बटाट्यांची पिशवी काढून घेतली.

"दे इकडे. अशा दिवसांत जड उचलू नये. कंबर दुखते!"