सुनेचा कप्पा

शर्वरीच्या सासरच्या कपाटानं एका भयपटात काम केलं होतं, त्यामुळे इचलकरंजीच्या त्या घरात त्याला सगळे अहो-जाहो करत. लहान मुलं ज्याला भितात तेच कपाटातून बाहेर येतं, अशी त्या सिनेमाची गोष्ट. कोल्हापुरात तो जेमतेम आठवडाभर चालला. कपाट घरी परतलं, पण त्याची सवय काही सुटली नाही.

मग घराची रीतच पडली. नवी सून आली की कपाटानं तिला एकदा घाबरवायचं आणि मगच कप्पा द्यायचा. सासूबाई लहानपणी नंदीबैलाला भीत. त्यांच्या वेळी कपाटातून तोच निघाला, आणि त्यांच्या लुगड्यांना अजून कडब्याचा वास येई.

शर्वरी मात्र घाबरेना. कपाट करकरलं, आतून लांबलचक हात काढून झाला, शेवटी हुंदकाही देऊन झाला. ती आपली पदर सावरून उभी. लग्नाला महिना होत आला तरी तिच्या साड्या बॅगेतच होत्या. रोज बॅगेची चेन ओढताना तिला वाटे, आपण इथं चार दिवस पाहुणी म्हणून आलोय.

"थोडं घाबरल्यासारखं कर की," नवरा, अभिनंदन, कुजबुजला.

"अहो, ते कलाकार आहेत. खोटं लगेच ओळखतील."

"शेजारणी विचारतात, सुनेचं सामान लागलं का," सासूबाई म्हणाल्या. "मी काय सांगू? आमची सून धीट आहे म्हणून?"

कपाटानं घसा खाकरला. "सूनबाई, आमचं वय झालं. हात नि हुंदका, यापुढं सुचत नाही. लहानपणी कशाला भीत होता, तेवढं सांगा."

"तसं मोठं काही नाही."

"लहानमोठं आम्ही बघू."

शर्वरीनं दाराच्या फटीशी तोंड नेऊन सांगितलं. मग दार उघडलं. आत मधल्या कप्प्यात सहा-सात पाहुणे दाटीवाटीनं बसून पोहे खात होते, आणि शर्वरीच्या आईचा आवाज आला, "शरू, लाजतेस काय? ये बाहेर. काकांना ते शाळेतलं गाणं म्हणून दाखव बघू."

शर्वरी सासूबाईंच्या पाठीमागं लपली आणि त्यांचा पदर तिनं घट्ट धरला.

"झालं बाई एकदाचं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी अभिनंदनला पेढे आणायला पिटाळलं.

संध्याकाळी शर्वरी साड्या घेऊन कपाटापाशी आली. पाहुणे बसलेलेच होते.

"जरा सरकता का?"

ते सरकले. पैठणीवर तेल सांडू नये म्हणून एका काकूंनी बशी डोक्यावर धरली. शर्वरीनं घड्या नीट लावल्या, कडेला परकर ठेवले.

"मग, गाणं?" काकांनी विचारलं.

"आता इथंच आहे की मी," शर्वरी म्हणाली. "होईल सवडीनं." आणि तिनं दार लोटलं.