एका घराची चार बिऱ्हाडे जाहली, त्या मोहिमेची हकिकत

गड घेणारांची वर्णने बहुतांनी केली, गड राखणारांचीही केली. परंतु आपलाच गड आपण बांधोन, आपल्याच हातें कुलूपकिल्लीसह दुसऱ्याचे स्वाधीन करोन, मग तो परत मागावयास हात जोडून उभे राहणे, ही जी घर किरायाने देणारांची अवघड विद्या, तिची वास्तपुस्त आजवर कोणी केली नाही. सबब हे लिहिणे. ऐकणारांनी स्वस्थ बसावे, मध्ये मोबाइल पाहू नये, आणि ज्यांचे घरी किरायादार असतील त्यांनी उगाच हसू नये.

कसबे आर्वी, जिल्हा वर्धा, येथे बाजार समितीकडे जाणारे रस्त्यावर राजमान्य राजश्री कवडूजी यांचा मुक्काम. हे एस.टी.चे निवृत्त चालक. हयातभर लाल गाडीवर स्वार होऊन आर्वी-वर्धा मार्ग राखिला, निवृत्त होतेसमयी जो ऐवज हातीं आला त्यात पुढील अंगास ऐसपैस घर बांधिले, आणि आपण भार्या पंचफुलाबाई यांसह मागील दोन खोल्यांत राहून पुढील घर किरायाने देऊ लागले. चिरंजीव अनुपराव पुणे प्रांतीं संगणकाचे चाकरीत. त्यांचा फोन दर रविवारी येई आणि त्यात एकच कलम असे की, घर विकून टाकावे व उभयतांनी पुण्यास अकराव्या मजल्यावर येऊन राहावे. पंचफुलाबाईंस ही गोष्ट तिळमात्र मानवत नसे. अकराव्या मजल्यावर दाराशी बसून कोणाशी बोलावे, हा त्यांचा सवाल.

पुढील घरात एकामागून एक किरायादार आले. एकाने बैठकीत शिकवणी मांडिली आणि पोट्ट्यांच्या चपलांनी अंगण दिसेनासे जाहले. दुसरा कुलूप लावून परागंदा जाहला तो सारा हिवाळा आलाच नाही, आणि आत त्याचे मांजर राहिले. परंतु खरा जंगी प्रसंग गुदरला तो अंकुशराव आले तेव्हा. हे लग्नसराईत साउंड लावणारे. माणूस हसतमुख, बोलणे गोड, आणि पाठीमागे ट्रकभर स्पीकरचे डब्बे. ते काळे, मनुष्याहून उंच डब्बे बैठकीत, न्हाणीघराशी, जिन्याखाली ऐसे मोर्चे धरून बसले. आणि दर दुपारी, कसबा जेवून आडवा जाहला की, अंकुशराव त्यांची चाचणी घेत. मग मागील खोलीत मांडणीवरील भांडी आपोआप चालू लागत, कवडूजींची कवळी पेल्यात वाजे, आणि पंचफुलाबाई छातीवर हात ठेवून खाटेवर बसत.

अनुपरावांनी फोनवर तो नाद ऐकिला आणि फर्मान काढिले की, ‘बाबा, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हा माणूस निघाला तर ठीक, नाही तर मी स्वतः गाडी घेऊन येतो, घर विकतो आणि तुम्हाला घेऊन जातो.’ आता खेळ घराचा राहिला नाही, आर्वीचाच आला.

मग कवडूजी स्वारीस निघाले. पैरण पालटली, मिशीस पीळ दिला, मनात तीनदा वाक्य घोकले आणि पुढील दारी जाऊन उभे राहिले. परंतु अंकुशरावांचे मातुश्री रुख्मिणीबाई ह्या बहुत मुत्सद्दी बाई, अथवा बहुत भोळ्या. बखरकारास आजतागायत उमज पडला नाही. दारी पाहुणा दिसला की त्या प्रथम ताट मांडीत. हिवाळा होता, सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, बाजारात ताजा होता, सबब सांबारवडी. खुसखुशीत, आत खसखस-खोबरे, वर कढी. आणि विदर्भात रीत ऐसी की, ज्याचे घरचे खाल्ले त्यास त्याच बैठकीत ‘घर खाली करा’ म्हणणे म्हणजे ताटात हात धुण्यापरीस वाईट. अंकुशराव अदबीने पुसत, ‘काका, आमच्या आवाजाचा काही तरास तं नाई ना?’ आणि तोंडात वडी असलेले कवडूजी म्हणत, ‘नाई जी, काहीच नाई. वाजवा ना बाप्पा.’

ऐसी पहिली मोहीम कढीत बुडाली. दुसरी स्वारी पंचफुलाबाईंनी केली, ती शेवयांच्या खिरीवर मोडली. उभयतांनी मिळून तिसरी केली, तर परत येताना हातीं डबा भरून मिळाला, आणि डबा रिकामा परत द्यावयाचा नाही ही दुसरी रीत, म्हणून पंचफुलाबाईंनी त्यात तिळाची चटणी घालून पाठविली. शत्रूस रसद आपण पुरवावी ऐसे युद्ध बखरकाराने अन्यत्र पाहिले नाही. कवडूजी संतापून म्हणाले, ‘तू चटणी काऊन देल्ली?’ बाई म्हणाल्या, ‘अन् तुमी वड्या काऊन खाल्ल्या?’

ऐसे होता होता वैशाख आला. ऊन ऐसे की कूलरही घामेजले. बुद्धपौर्णिमेचा दिवस उगवला. पंचफुलाबाई दर पौर्णिमेस उपोसथाचे व्रत करीत, अष्टशील पाळीत. पांढरे लुगडे नेसून विहारात जात, बारा वाजण्याचे आत जेवत, आणि मग दुसरे दिवशी उजाडेपर्यंत अन्नास स्पर्श नाही. दुपारीं विहारातून परतून त्या खाटेवर जरा टेकल्या, इतक्यात पुढील घरातून डब्ब्यांनी गर्जना केली. भिंत हादरली. बाई उठून बसल्या, आणि एकाएकी त्यांचे ध्यानीं आले की, आज आपणांस कोणी खाऊ घालू शकत नाही. पांढरे लुगडे सावरून त्या तडक पुढील दारी गेल्या. कवडूजी मागून ‘अवो, थांब ना’ म्हणत राहिले.

रुख्मिणीबाईंनी तत्काळ आमरस आणि कुरडया ऐसा तोफखाना पुढे आणिला. पंचफुलाबाईंनी हात जोडिले. ‘आज उपोसथ आहे माय. पाणी तेवढं घेतो.’ पाणी प्याल्या. अंकुशरावांनी नित्याप्रमाणे अदबीने सवाल टाकिला की, काकू, काही तरास तं नाई ना?

बाईंनी पेला खाली ठेविला आणि बोलल्या ते येणेप्रमाणे: ‘आज मले खोटं बोलता येत नाई भाऊ, शील घेतलं आहे. तरास आहे. लय आहे. तुमचा डब्बा वाजला का माह्या छातीत धडधड होते. अन् तुमी गेले नाई तं माहा पोरगा हे घर विकून आमाले पुण्याले नेते. मले नाई जाचं तिथं. मी तिथं मरून जाईन एकटी. घर खाली करून द्या.’ इतके बोलून बाई रडू लागल्या, आणि रडताही म्हणाल्या की, ‘वड्या मात्र तुमच्या खूपच चांगल्या आहेत माय, हेही खोटं नाई.’

अंकुशरावांनी हात कपाळास लाविला. ‘काकू, पयलेच काऊन नाई सांगितलं वो? मी तं दर खेपेले पुसत होतो!’ आणि खरेच पुसत होते, हे बखरकारास नमूद करणे भाग आहे. लग्नसराई सरताच अंकुशरावांनी बाजाराकडे टिनाचे शेड पाहिले, डब्बे तिकडे रवाना केले, मायलेकही तिकडेच जवळ राहावयास गेले, आणि रुख्मिणीबाई निघताना गळ्यात पडून रडल्या. असला शत्रू सर्वांस लाभो.

घर मोकळे जाहले. परंतु कवडूजी चिंतातुर. आता पुन्हा कोण येईल? शिकवणी, मांजर, की त्याहूनही काही? तेव्हा पंचफुलाबाईंनी मसलत सांगितली की, अख्खा गड एकाच किल्लेदाराचे हातीं देतो हीच आपली खोड. तो बिघडला की सारे बिघडते, तो गेला की सारे ओसाड. त्यापरीस चार बिऱ्हाडे करावी. कवडूजी ओरडले, ‘एकानं जीव घेतला, अन् तू चार आणतं?’ बाई म्हणाल्या, ‘हाव. चार असले का आपल्याले कोण पुसते? ते आपसात पाहून घेतील.’

मग गवंडी आला, खाली मध्ये भिंत घातली, वर मजला चढविला, चार दारे, चार मोऱ्या, चार मीटर. कवडूजींनी विटांवर पाणी मारता मारता कंबर धरली. चार बिऱ्हाडे आली: दवाखान्यातील परिचारिका भावनाताई, शिक्षक दांपत्य, बँकेचे बाबू, आणि कापसाचे व्यापाऱ्याचे मुनीम. उन्हाळा लागताच बोअरवेलच्या पाण्यावरून घोर रणसंग्राम पेटला. कोणाचा कूलर आधी भरावा? जिन्यावर ऐसी बोलाचाली जाहली की पलीकडील गल्लीतील लोक खुर्च्या घेऊन आले. कवडूजी मध्यस्थीस पैरण घालून धावले, तो भावनाताईंनी हुकूम दिला, ‘काका, तुमी मंधात नका येऊ. बसा तिकडं. आमचं आमी पाहून राह्यलो.’ आणि सायंकाळपर्यंत पाण्याच्या पाळ्या ठरल्या. कवडूजींस हर्ष जाहला आणि किंचित वाईटही वाटले.

मग खरा कसोटीचा प्रसंग. बँकेचे बाबूंची बदली जाहली आणि वरील एक बिऱ्हाड रिकामे पडले. ही खबर कवडूजींनीच फोनवर बोलता बोलता पुण्यास दिली, कारण त्यांचे पोटात काही राहत नाही. अनुपराव म्हणाले, पाहा, सुरू झाले पुन्हा, आणि शनिवारी मोटार घेऊन खासे दाखल जाहले. पंचफुलाबाईंनी गाडीची रिकामी मागची आसने पाहिली आणि ती कोणासाठी हे ओळखिले.

परंतु अंगणात पाहतात तो दरबार भरलेला. भावनाताई, मास्तरीणबाई, मुनीम ऐसे तिघे खुर्च्या टाकून, आणि समोर घर पाहावयास आलेले तरुण जोडपे. सवाल चालले: पाणी कितीक लागते? रात्रीं गाणी लावता काय? पाळी चुकवाल काय? जोडपे घामाघूम. अनुपरावांनी पुसले की, घरमालक कोण? मुनीम म्हणाले, ‘मालक तिकडं खाटेवर आहेत. तुमी कोन? खोली पाह्याले आलते का?’ सायंकाळीं जोडप्यास खोली मिळाली.

रात्रीं जेवताना अनुपराव भाकरी मोडीत हळूच म्हणाले, ‘आई, मग मी एकट्यानंच परत जाऊ?’ पंचफुलाबाईंनी लेकाचे पाठीवर हात फिरविला, आणि त्यांचे आवाजात माया होती परंतु मागे हटणे नव्हते. ‘येतो ना बाप्पा, काऊन नाई येत? पण पाहुणे म्हणून येतो. अन् परतीचं तिकीट पयले काढजो.’

अनुपरावांनी त्याच घडीस मोबाइल काढिला. आधी परतीची तिकिटे निघाली, मग जाण्याची. येणेप्रमाणे पंचफुलाबाईंनी आर्वी राखिली.