केळकर अण्णांचं सहा लिटर दूध

बंगालीत कोणी 'अपेक्षा करा' म्हटलं की केळकर अण्णा विचारत, "कशाची?"

बंगालीत अपेक्षा म्हणजे वाट पाहणं. अण्णांना हे लहानपणापासून ठाऊक. आजोबा नोकरीसाठी कोलकात्यात आले ते इथलेच झाले. अण्णांचा जन्म इथला, आणि बेहाल्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर बंगालीतून गणित शिकवलं. तरीही बंगाली शब्द कानावर पडला की ते आधी त्याचा मराठी अर्थ लावत आणि मग समोरच्याशी भांडत. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "एकटू ओपेक्खा कोरून," की अण्णा उठून उभे. "अपेक्षा होती म्हणून तर आलो. आता सोडून देऊ?" तो बिचारा चिठ्ठी हातात धरून बघत राही.

कांद्यावर मात्र खूश. बंगालीत 'काँदा' म्हणजे रडणं. "साठे, या एका शब्दावर बंगाल आणि महाराष्ट्राचं एकमत आहे बघ. दोघांनीही चिरून पाहिलेला दिसतोय."

साठे म्हणजे मी. बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आलो, राहिलो, पुढे बँक सोडली आणि एका लहानशा दूध संस्थेचा सेक्रेटरी झालो. बेहाल्याच्या पुढे मेट्रो संपते, तिथून ऑटोनं पंधरा मिनिटांवर आमचं संकलन केंद्र. मी कमी बोलणारा माणूस. पुढे जे सांगणार आहे ते बायकोलाही सांगितलेलं नाही. पण संस्थेच्या एका कराराची मुदत संपत आली आहे, पुन्हा सभा बोलवायची आहे, आणि सभेत सेक्रेटरीच्या खुर्चीवर पुन्हा बसायच्या आधी हे एकदा लिहून टाकायला हवं.

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, अण्णांनी गाय घेतली. एकच. नाव बाळी. बंगाली जिभेला ळ नाही, त्यामुळे सगळे तिला बाली म्हणत, आणि बाली म्हणजे वाळू. "वाळू दूध देते का हो, घोषबाबू?" अण्णा रोज विचारत. घोषबाबू आमचे सर्वांत मोठे गवळी, गोठ्यात बारा गाई. ते शांतपणे म्हणत, "माश्टारमोशाय, आपनार बाली तो दिच्छे." तुमची वाळू देतेय की!

बाळी द्यायची सहा लिटर. ते कॅनमध्ये घालून अण्णा पहाटे साडेपाचला सायकल हातात धरून चालत यायचे. सायकल चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. "दूध हिंदकळतं," म्हणायचे. रांगेत त्यांचा नंबर आला की मागच्यांनी खुशाल कॅन खाली ठेवावेत. कारण अण्णा माझ्याशी मराठीत बोलणार. डास, मेट्रोचा सरकता जिना, मुलीच्या घरचं बेचव वरण, रात्री सुचलेला एखादा शब्द. दहा मिनिटं. मला घाई असायची. मी मान डोलवायचो.

त्यातच सुपरमार्केटचा करार आला. नाव सांगत नाही. शहरभर दुकानं असलेली एक साखळी. आमचं सगळं दूध त्यांचा टँकर दारातून उचलणार होता. तोवर आमचं दूध मिठाईवाल्यांकडे छान्यासाठी, म्हणजे संदेश-रसगुल्ल्यांच्या पनीरसाठी जायचं, आणि लग्नं नसलेल्या महिन्यांत ते सरळ सांगायचे, आज नको.

तीन सभा झाल्या. दुसरीत तर आरडाओरडा. यादवजी, म्हशीवाले, मूळ बिहारचे, म्हणाले, "आज दूध मांग रहे हैं, कल भैंस का जनम-पत्री मांगेंगे!" घोषबाबू म्हणाले, "जन्मपत्री देतो मी. दूध फेकून द्यावं लागणार नाही ना, मग म्हशीचं लग्नही लावून देतो." हशा. अण्णांचा सगळ्यालाच विरोध. काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवलेलं दूध त्यांना मान्य नव्हतं. "दूध आहे की मासा?" आणि त्यांचा एकच हेका: करार कलमवार वाचा. इंग्रजीतला आहे, साठे बंगालीत सांगेल.

मी सांगितलं. तेरा कलमं सांगितली, आणि मग पंधरावं.

चौदावं कलम असं होतं की दिवसाला दहा लिटरच्या आत दूध घालणाऱ्याचं दूध टँकर घेणार नाही. दहाच्या आतला आमच्याकडे एकच माणूस होता. ते कलम वाचलं असतं तर करार तिथेच मोडला असता, कारण घोषबाबूंचे दोन्ही मुलगे, यादवजींची मुलगी, सगळी अण्णांच्या हाताखाली पाढे शिकलेली. त्यांनी माश्टारमोशायना बाहेर ठेवून सही केली नसती. आणि मला ती सही हवी होती. संस्थेच्या भल्यासाठी, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच की साखळीचा तरुण मॅनेजर मला "सेक्रेटरी साहेब" म्हणायचा, आणि बँकेत मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं.

पान उलटलं तेव्हा अण्णा उभे राहिले. मराठीत नाही, सगळ्यांना कळेल असं बंगालीत विचारलं, "सेक्रेटरीबाबू, सगळ्यांचं दूध जाणार ना?"

माझ्या तोंडून निघालं, "चेष्टा कोरबो."

बंगालीत याचा अर्थ, प्रयत्न करीन. सभा हसायला तयार झाली. अण्णांचा हा सर्वांत आवडता शब्द होता, कोणी चेष्टा करीन म्हणालं की "करतोच आहेस!" हे ठरलेलं. यादवजींनी तर हसून घेतलंसुद्धा. पण अण्णांनी तो विनोद सोडून दिला. माझ्याकडे क्षणभर पाहिलं, आणि करारासाठी हात वर केला. सर्वांत आधी.

मी हादरलो. त्यांचा हात पाहून बाकीचे हात वर गेले.

पहिल्या दिवशी टँकरबरोबर यादी घेऊन एक माणूस आला. अण्णांचा नंबर लागला, त्यानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाला, "आपका नाम नहीं है."

"ए की कांडो!" घोषबाबूंनी आपला भरलेला कॅन धाडकन खाली ठेवला. हा काय प्रकार! रांग पुढे सरकली, सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायची ती वेळ होती, आणि मी यादीकडे पाहत राहिलो, जणू तिथे चूक सापडणार होती.

"मीच सांगितलं होतं नाव काढायला," अण्णा बंगालीत म्हणाले. "गुडघे दुखतात. सकाळी उठवत नाही." आणि सायकल वळवून निघाले. कॅन भरलेला होता, तरी त्या दिवशी ते सायकलवर बसून गेले.

त्याच दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दोन खोल्या, मागे बाळीचा गोठा. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, दमदमला, महिन्यातून एकदा येणारी. नातवंडांचं मराठी 'आजोबा' या शब्दापाशी संपतं. टेबलावर कराराची प्रत होती. सभेच्या कितीतरी आधी ती त्यांनी माझ्याकडून मागून नेली होती आणि मी विसरून गेलो होतो. पानापानावर लाल शाई. व्याकरण तपासलेलं. शेवटी शेरा: 'हस्ताक्षर नाही म्हणून गुण नाहीत.' मी चौदावं कलम काढलं. एक स्वल्पविराम बदललेला होता, बाकी काही नाही.

"अण्णा, तुम्ही वाचलं होतं?"

"इंग्रजी वाईट आहे, पण कळतं."

"मग हात का वर केलात?"

"घोषाच्या गोठ्यामागचा नाला पाहिलायस कधी? श्रावणात पांढरा वाहतो. बारा गाईंचं दूध, आणि त्याची बायको दाराआड उभी राहून बघत असते. माझ्या सहा लिटरसाठी तो करार मोडून बसला असता. गाढव आहे तो."

मी पाय ओढत खुर्चीपाशी गेलो, पण बसलो नाही. "तुम्हाला ठाऊकच होतं, तर सभेत मला विचारलंत कशाला?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"तुला सांगता यावं म्हणून," ते म्हणाले.

मी माफी मागितली असेल. आठवत नाही. एवढं आठवतं, मी म्हणालो की उद्याच सगळ्यांना खरं सांगतो, आणि ते एकदम ओरडले, "खबरदार! घोष कॅन रस्त्यावर उपडे करेल. करार संपेतोवर तोंड उघडायचं नाही. मग उघड." मागे बाळी हंबरली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "दुधाचं काही नाही रे. शेजारची पोरं पितील. सकाळचं मात्र कठीण आहे."

एवढंच बोलले. पण त्या 'सकाळचं'चा अर्थ लागायला मला घर जवळ येईपर्यंत वेळ लागला, आणि लागला तेव्हा मी ऑटोतून एक थांबा आधीच उतरलो आणि फुटपाथवर उभा राहिलो. दहा मिनिटं. ज्या दहा मिनिटांत मी मान डोलवत घड्याळ बघायचो, तेवढंच मराठी त्या माणसाच्या दिवसात होतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी केंद्राचं दार उघडलं. टँकर उभा होता, रांग लागलेली होती. घोषबाबूंच्या पुढे अण्णा उभे होते. धोतर, बंडी, दोन्ही हात मोकळे. सायकलही आणली नव्हती. नजर जमिनीवर, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखी.

टँकरचा माणूस म्हणाला, "दादा, आपका कैन?"

मागून घोषबाबूंनी भरलेला कॅन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि त्याला म्हणाले, "आपनि थामून. एखोन ओनार पाला." तुम्ही थांबा, आता यांची पाळी आहे.

मी खुर्ची ओढली आणि अण्णांकडे सरकवली. "बोला अण्णा," मी म्हणालो, "डास होते का काल?"