बर्फातलं भोक आणि तीन तोफनौका

एका जंगलात, बाळांनो, थंडी अशी पडायची की कोल्ह्याची थापसुद्धा तोंडातच गोठायची. नदी गोठायच्या आत राजाच्या तीन तोफनौका बंदरात मुक्कामाला येत आणि मग उन्हाळ्यापर्यंत बर्फात रुतून बसत. का, तर शत्रूला धाक! शत्रू कुणी पाहिला नव्हता म्हणा.

त्याच बंदरात सगुणी पाणमांजर राहायची. पदरात दोन पिल्लं. मासे सगळे बर्फाखाली. दरवर्षी ती बर्फाला भोक पाडून पोट भरायची. यंदा आरमारप्रमुख अस्वलरावांनी भोकांवर बंदी घातली.

सगुणी त्यांच्याकडे गेली. "साहेब, एकच भोक पाडू द्या. माझ्या डोक्याएवढं. पोरं उपाशी आहेत हो."

"भोक पाडलं की बर्फाला तडा जातो, बाई. मग नौका हलतात, रांग मोडते. आणि उद्या महाराज पाहणीला येतायत!"

"पण साहेब, नौका हलायलाच असतात ना?"

"तुला आरमारातलं काय कळतं गं?" अस्वलराव गुरगुरले. "पिल्लांना जरा देशभक्ती शिकव. भूक लागायची नाही."

सगुणीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण समोर तोफ! मुकाट परतली बिचारी. धाकट्याला शेपटी चोखायला दिली.

दुसऱ्या दिवशी सिंहमहाराज काठावर आले. रांग बघून बेहद्द खूश. "वा! होऊन जाऊ द्या सलामी!"

सगळ्या तोफा एकदम धडाडल्या. कडाड्! अख्खा बर्फ फुटला, लाद्या नौकांच्या पोटात घुसल्या आणि तिन्ही नौका बुडाल्या. रांगेतच बुडाल्या, ते मात्र कबूल करायला हवं.

सगुणीने सूर मारून मासे आणले. पिल्लं मिटक्या मारू लागली, तोच महाराज गरजले, "एवढं भोक पाडलं कुणी?"

तोफांचं नाव घ्यायची कुणाची छाती होईना. भिजलेले कान झटकत अस्वलराव म्हणाले, "महाराज, या बंदरात भोक मागणारी एकच आहे. बघा, तिच्या पिल्लांच्या तोंडात मासेसुद्धा आहेत!"

सगुणीला बेड्या पडल्या. अर्धे खाल्लेले मासे पुरावा म्हणून जप्त झाले. आणि अस्वलरावांना शेवटपर्यंत रांग न मोडल्याबद्दल पदक मिळालं.

तात्पर्य: बाळांनो, काहीही करायचं तर आधी विचारावं, असं मोठी माणसं सांगतात. मुळीच ऐकू नका. विचारणारा लक्षात राहतो. भोक पाडायचंच असेल, तर आधी आरमारात भरती व्हा.